अलॉय व्हीलचा पांढरा गंज असा काढला

बेळगावजवळच्या खानापूरकडचा पाऊस आणि जांबोटी-चोर्ला रस्त्याचा लाल चिखल अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांची, वाट लावतात. माझ्या चाकांवर लॅकरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) गांडुळासारख्या पांढऱ्या रेषा पसरत चालल्या होत्या. वरून कितीही पॉलिश मारा, फरक शून्य. खडा लागून लॅकरचा टवका उडतो, तिथून पाणी आत शिरतं आणि गंज आतल्या आत सरकत जातो.

शेजारचे काका म्हणाले, "ॲसिड मार की रे, लगेच चकाकतंय बघ." चकाकतं खरं, पण ॲसिड काय नि कॉस्टिक सोडा काय, दोन्ही ॲल्युमिनियमच खातात.

टायर उतरवून घेतले. ॲल्युमिनियमला चालणाऱ्या पेंट रिमूव्हरने जुना थर सोलला. मग २४०, ४००, ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर). खरी मेहनत इथेच. पांढरा ठिपका उरला तर रंगाखालून पुन्हा वर येतो. थिनरने पुसून लगेच एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मारला, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन बसतो. वर सिल्व्हर, शेवटी हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळलेला पारदर्शक क्लिअर कोट. तो मारताना साधा रुमाल पुरत नाही, गॅसचा मास्क हवाच.

नट बसतात ती जागा मात्र टेप लावून कोरी ठेवली. तिथे रंगाचा थर दबला की नट ढिले होतात. गाडी थोडी फिरवून टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासले.

आरशासारखं उघडं पॉलिश कोरड्या गावाला ठीक, आमच्याकडे नको.