चारशेदहा बोअरच्या बंदुकीत अडकलेला चोक

आधी बंदूक उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (जादा काडतुसांची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मगच चोकला, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसणाऱ्या, छऱ्यांचा फैलाव ठरवणाऱ्या छोट्या नळकांड्याला, हात लावा.

.410 ची नळी आतून जेमतेम 10.4 मिलिमीटर, त्यामुळे चोकची भिंत फार पातळ असते. मोठ्या नळीच्या बारा बोअरला चालणारी दांडगाई इथे चालत नाही. पक्कड तर नकोच. चोक लंबगोल झाला की आट्यांत आणखी घट्ट बसतो.

चोक बहुतेकदा गंजाबरोबरच काजळी आणि वॉडच्या (काडतुसात दारू आणि छरे यांच्यामध्ये असणाऱ्या बुचाच्या) वितळलेल्या प्लास्टिकनं धरलेला असतो. नुसतं तेल प्लास्टिक सोडवत नाही, म्हणून आधी बोअर सॉल्व्हंट (नळीतली घाण विरघळवणारं द्रव) लावून ब्रश फिरवा. मग पेनिट्रेटिंग ऑइलचे (बारीक फटीत शिरणाऱ्या पातळ तेलाचे) थेंब चोकच्या कडेला सोडा आणि रात्रभर राहू द्या. नळीचं तोंड खालीच ठेवा, नाहीतर तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरतं.

सकाळी चोकमध्ये घट्ट बसेल अशी लाकडी गोल काठी घाला, म्हणजे तो दबणार नाही. पाना खाचांमध्ये पूर्ण बसवा. आधी किंचित आवळा, मग सोडवा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की समजा, पकड सुटली. हलला नाही तर नळीचं तोंड गरम पाण्यात धरून पुन्हा बघा. बर्नर लावू नका.

तरीही हटून बसला तर परवानाधारक कारागिराकडे द्या. निघाला तर आटे पुसून अँटी-सीझ ग्रीसचा (आटे अडकू न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या. चोक न लावता बार मात्र कधीच काढू नका, नळीचे आटे खराब होतात.