कटआउट बदलण्याआधी मीटर लावा

बॅटरी वरचेवर उतरायला लागली की पहिला संशय कटआउटवर जातो, म्हणजे डायनामो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर) आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या डब्यावर. नवा कटआउट बसतो, दोन आठवडे बरे जातात आणि मग एका सकाळी सेल्फ पुन्हा 'टक' करून गप्प. पद्मिनी असो की अँबेसेडर, मुंबईत हा दोष बहुतेक वेळा जोडण्यांतच लपलेला असतो. खाऱ्या दमट हवेने हिरवे पडलेले लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडण्या), रंगाखाली गेलेलं अर्थिंग (बॉडीशी असलेली जोडणी), फ्यूजच्या सैल पट्ट्या. म्हणून आधी मीटर लावायचा, मग पाना हातात घ्यायचा, आणि कटआउटचं झाकण सगळ्यात शेवटी उघडायचं.

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर दोन दशांश स्थळं दिसली म्हणजे झालं. सोबत बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि थोडी व्हॅसलिन ठेवा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीचं माप घ्या. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १०.५च्या आसपास अडकली असेल तर एक सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी. अशा बॅटरीवर चार्जिंग तपासू नका, सगळे आकडे फसवे येतील. फॅन बेल्टही आत्ताच बघून घ्या. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो १० ते १२ मिलिमीटर दबावा. आतून आरशासारखा चकाकत असेल तर कितीही ताणला तरी घसरणारच, तो बदला.

आता इंजिन गरम करून रेस साधारण २००० आरपीएमवर धरा आणि मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या खुंट्यांवर ठेवा, क्लॅम्पवर नाही. अल्टरनेटरवाल्या (डायनामोच्या जागी आलेला नव्या पद्धतीचा जनरेटर) गाडीत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. डायनामोतही भरलेल्या बॅटरीवर आकडा याच्याच आसपास येतो, फक्त आयडलिंगवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. सिग्नलला उभं असताना लाल दिवा मिणमिणला तर तो डायनामोचा स्वभाव आहे.

हा स्वभाव पावसाळ्यात महागात पडतो. ४० वॉटचे दोन डीपर (हेडलाइटचा खालचा झोत), मागचे-पुढचे बारीक दिवे, वायपर आणि इग्निशन कॉइल मिळून सहज १५ अँपियर होतात. लुकासच्या नेहमीच्या डायनामोची कमाल मजल २२ अँपियरची, तीही रेस असताना. अंधेरीहून दादरला रांगत येताना हा सगळा भार बॅटरीच वाहते. त्यात कोणी ९० वॉटचे हॅलोजन लावले असतील तर डीपरच १५ अँपियर खातो. अशा गाडीत शोधायला दोष नसतो, हिशोबच तोट्याचा असतो.

आकडा कमी आला तर खरी तपासणी इथून पुढे. हेडलाइट आणि वायपर चालू करा, रेस धरा. मीटरची एक पिन डायनामो किंवा अल्टरनेटरच्या आउटपुट खुंटीवर आणि दुसरी बॅटरीच्या लाइव्ह खुंटीवर ठेवा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतात. अल्टरनेटरला ०.३पर्यंत चालेल. डायनामोची वाट कटआउटच्या गुंडाळीतून जाते, तिथे थोडं जास्त धरा. मग एक पिन डायनामो किंवा अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ खुंटीवर. इथे ०.२च्या वर गेलं की अर्थिंग वाईट. हे माप भार टाकूनच घ्यायचं. ओममीटरवर ०.१ ओम म्हणजे 'काही नाही' असं वाटतं, पण त्यातून १० अँपियर गेले की अख्खा एक व्होल्ट तिथेच संपतो.

गळती सापडली की एक पिन बॅटरीवर ठेवून दुसरी जोडणी-जोडणीने पुढे सरकवत न्या. आकडा जिथे उडी मारेल ती जोडणी खोला, दोन्ही बाजू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत बॉडीच्या अर्थ बोल्टखाली ताजा रंग असतोच, तो खरवडून पत्रा उघडा करा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी फार महत्त्वाची. ती तुटली की सेल्फचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर पट्टीच बघा.

जास्त व्होल्टेजचा आजार फसवा असतो. बॅटरीचं पाणी आठवड्यात आटतं, बल्ब उडतात, मीटर १५च्या वर जातो आणि सगळे म्हणतात रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) गेला. पण वेगळा रेग्युलेटर असलेल्या बऱ्याच अल्टरनेटर गाड्यांत त्याला व्होल्टेजची खबर इग्निशन स्विच आणि फ्यूजमधून येणाऱ्या वायरीने मिळते. त्या वाटेत एक व्होल्ट गळला, तर खरे १४.३ त्याला १३.३ दिसतात. तो बिचारा भरून काढायला आउटपुट वाढवतो आणि बॅटरीवर १५.३ पोचतात. इग्निशन चालू ठेवून बॅटरी ते ही वायर जिथे येते ती रेग्युलेटरची खुंटी असं माप घ्या. चिनीमातीचे जुने फ्यूज दोन्ही टोकांना काळे पडतात. ते काढून टोकं घासा, पितळी पट्ट्या चिमटून घट्ट करा, बहुतेकदा तेवढ्यानेच आकडा खाली येतो. डायनामोच्या गाडीत रेग्युलेटर कटआउटच्या डब्यातच असतो, त्या डब्याचं स्वतःचं अर्थ सैल असलं तरी हीच गत होते.

जोडण्या चोख आहेत आणि तरी चार्जिंग नाही, तर लुकास पद्धतीचा डायनामो असा वेगळा काढून बघा. डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या दोन्ही वायरी काढा, दोन्ही खुंट्या छोट्या वायरने जोडा आणि तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा. रेस हळूहळू वाढवली की आकडा झपाट्याने चढायला हवा. तो २०पर्यंत जाऊ देऊ नका, १००० आरपीएमच्या आत उत्तर मिळतं. आकडा चढला तर डायनामो ठणठणीत. काहीच आलं नाही तर आधी कार्बन (ब्रश) बघा. ते ६-७ मिलिमीटरपर्यंत झिजले असतील किंवा खाचेत अडकले असतील. एखादा व्होल्ट येऊन थांबला तर दोष फील्डमध्ये (आतल्या स्थिर गुंडाळ्या), चार-पाचवर थांबला तर आर्मेचरमध्ये (फिरणारी गुंडाळी). कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) साध्या बारीक सँडपेपरनेच पुसा. एमरी पेपर नको, त्याची भुकटी पट्ट्यांच्या मधल्या खाचांत शिरून शॉर्ट करते. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे काम लगेच करा, चिखल वाळल्यावर कार्बन हलत नाही.

एवढ्यावर डायनामो चांगला ठरला, तरच कटआउट उघडा. रात्रीत बॅटरी उतरते आणि बंद गाडीत डायनामो कोमट लागतो, तेव्हा कटआउटचे पॉइंट चिकटलेले असतात. बॅटरीची वायर लगेच सुटी करा. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज जुळवायचंच असेल तर कटआउटच्या पॉइंटमध्ये कागदाची पट्टी सरकवून, डब्यावरच्या मॉडेलसाठी दिलेला आकडा धरून, अर्ध्या मिनिटात उरका. गुंडाळी तापली की माप बदलतं.

अल्टरनेटरच्या गाडीत आणखी दोन गोष्टी. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब उडालेला असेल किंवा तिथे एलईडी बसवला असेल, तर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळत नाही आणि मोठी रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. तिथे मूळ वॉटचाच बल्ब लावा. मीटर एसीवर टाकून चालू इंजिनावर बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) गेलेत. आणि 'चार्जिंग बघू' म्हणत चालू गाडीत कोणी बॅटरीची वायर काढायला गेलं, तर त्याचा हात धरा. चांगले डायोड त्याच क्षणी उडू शकतात.