म्हापशाच्या शुक्रवारी पावसाळ्याची बेगमी कशी करावी

गोव्यातल्या म्हापशाचं मार्केट एरवीही उघडं असतं, पण बेगमीसाठी शुक्रवारच धरा, तोही मे महिन्यातला. त्या दिवशी गावोगावच्या बायका माल घेऊन जमिनीवरच बसतात. पक्क्या दुकानांआधी त्यांच्याकडे जा, दहाच्या आत.

सुरुवात मिरचीपासून. हरमलची आणि खोल्याची, गोव्यातल्याच या दोन गावांच्या मिरच्या; दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणून त्या नावाखाली भलतीच मिरची गळ्यात मारणारेही भेटतात. एक मोडून बघा. कडकन मोडली तर नीट वाळलेली, नुसती वाकली तर जुलैत बुरशी आलीच समजा. देठ शाबूत असलेलीच घ्यावी. कोकमाची सोलं थोडी ओलसर चालतात, पण तळाला मीठ साचलं असेल तर पैसे मिठाचे देताय. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, मी मूठभर घेऊन तळहातावर चोळते. वाळू उरली की पुढची पाटी. मयडे (मोईरा) गावची केळी सगळ्यात शेवटी, नाहीतर पिशवीत चेंदामेंदा.

घासाघीस करा, पण एकाच बाईकडून दोन-तीन जिन्नस घेऊन. भाव नाही उतरला तरी वर मूठभर जास्त पडतं. सुटे पैसे मात्र घरूनच न्या.