परभणीकराने स्नोबोर्ड कसा निवडावा

आमच्या परभणीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. तरी गुलमर्गला दोन हिवाळे भाड्याच्या स्नोबोर्डावर, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरत उतरायच्या फळीवर, आपटून घेतल्यावर मी स्वतःचा घेतला. उतारही कापायचा आणि उड्याही मारायच्या असतील, तर हे बघा.

लांबी नुसत्या उंचीवरून नको, वजन धरा. माझं 74 किलो. मला 156 सेंटिमीटरचा जमला. उड्यांचाच नाद असेल तर दोन-तीन सेंटिमीटर कमी चालतो.

खरी गोम रुंदीत आहे. माझा पाय मोठा, अमेरिकी मापात 11. भाड्याचा बोर्ड अरुंद, त्यामुळं वळताना बुटाचं टोक बर्फात रुतायचं अन् मी तोंडावर. दुकानात बूट घालूनच बोर्डावर आडवं उभं राहा. टाच आणि चवडा कडेबाहेर बोटाच्या रुंदीइतका डोकावला तर ठीक, त्याच्यावर गेला की ‘वाईड’ मागा.

कडकपणा दहापैकी पाच-सहा. दोन्ही टोकं सारखी असली की उलटं, म्हणजे मागचा पाय पुढं करून, उतरताही येतं. मधे कमान असलेला बोर्ड घट्ट बर्फावर पकड धरतो. टोकं जरा उचललेली असली तर कड कमी अडकते.

रंगाचं काय, माझा काळा आहे. बायको म्हणते, तवा आणलाय.