दम आधी वाढतो, हाड मागून येतं : सैन्याच्या शारीरिक चाचणीची तयारी आणि अतिसराव

तयारीला लागलेली मुलं-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजून काय वाढवू?" काय कमी करू, असं विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. मी स्वतः या तयारीतून गेलो आहे आणि त्यानंतरही नवख्यांबरोबर मैदानावर असतो. चाचणीत नापास झालेल्यांपेक्षा चाचणीच्या दिवसापर्यंत पोहोचूच न शकलेल्यांचं मला जास्त वाईट वाटतं. त्यातले बहुतेक जण आळशी नव्हते, उलट गटातले सगळ्यात मेहनती तेच होते.

असं का होतं हे समजून घ्यायचं तर एक गोष्ट पक्की डोक्यात बसायला हवी. शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. पळायला सुरुवात केली की रक्तातला द्रव काही दिवसांतच वाढू लागतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं आणि काही आठवड्यांतच आधी धाप लावणारा वेग सोपा वाटायला लागतो. हाडांचं गणित वेगळं आहे. पळताना बसणाऱ्या दणक्यांना उत्तर म्हणून शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरणं साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पहिल्यापेक्षाही कच्ची असते. म्हणजे महिना-दीड महिन्याने अंगात वारं संचारल्यासारखं वाटतं, वेळ दर आठवड्याला सुधारत असते, नेमकी तेव्हाच नडगी सगळ्यात धोक्यात असते. आणि तेव्हाच आपण अंतर दुप्पट करतो.

हे दुखणं सैन्याला जुनंच आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ सालीच सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांबद्दल लिहून ठेवलं होतं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर कळलं की लांबच लांब चालून पावलाच्या हाडांना बारीक चिरा जात होत्या. म्हणूनच या दुखण्याला आजही 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात.

आता 'ओव्हरट्रेनिंग' म्हणजे अतिसराव या शब्दाबद्दल. दोन दिवस अंग दुखलं की लगेच कुणीतरी हा शब्द वापरतं, ते खरं नाही. जोरात सराव केल्यावर काही दिवस कामगिरी घसरते, विश्रांती घेतली की आधीपेक्षा वर येते. हा थकवा हवाच, त्याशिवाय सुधारणा नाही. हाच थकवा न भरता पुढचा भार चढवत गेलात तर कामगिरी आठवडे-महिने खालीच राहते. खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम त्याच्याही पुढचा. तो बरा व्हायला कित्येक महिने जातात, आणि तो दाखवणारी एकच एक रक्ततपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, संसर्ग असं एकेक बाजूला सारत डॉक्टर तिथे पोहोचतात. चाचणीची तारीख गाठायची असेल तर त्या टप्प्याच्या फार आधी थांबावं लागतं.

नव्यांची सगळ्यात मोठी गडबड माझ्या मते एकच, रोज चाचणी देणं. रोज ठरलेलं अंतर, रोज घड्याळ, रोज कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी करायचा अट्टहास. पूर्ण चाचणी महिन्यातून एकदा घेतली तरी पुष्कळ झालं. एरवी बहुतेक पळणं इतकं सावकाश हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. अव्वल धावपटूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर यांना दिसलं की त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या तीव्रतेची असतात. आपली मुलं नेमकं उलटं करतात. हलक्या दिवशी थोडं जास्तच जोरात पळतात, मग जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत आणि सगळा आठवडा एकाच मधल्या, अर्धवट वेगात जातो. सावकाश पळताना कुणी मागून पुढे गेलं की जीव वरखाली होतो, मान्य आहे. जाऊ द्या त्याला.

आठवडा मांडताना मी जोराची कामं एकाच दिवशी ठेवायला सांगतो. सकाळी वेगाचे तुकडे (थोडं अंतर जोरात, मग विसावा, पुन्हा जोरात) पळालात तर पायाचे जड व्यायाम त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. म्हणजे दुसरा दिवस खरोखर हलका मिळतो. असे जोराचे दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन. एक दिवस पूर्ण सुट्टीचा, आणि सुट्टीच्या दिवशी 'थोडंसं' पोहायला किंवा फुटबॉल खेळायला जायचं नाही. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा एकूण काम तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. त्या आठवड्यात अपराधी वाटतं. हाड मात्र तेव्हाच भरत असतं.

पुलअप-पुशअपचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत ओढू नका, दोन रेप (म्हणजे पुनरावृत्त्या) शिल्लक असताना थांबा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर पकड बदलून बघण्यापेक्षा रेप कमी करा. आणि 'आज हजार मारू' छापाच्या पैजा लावू नका. सवय नसताना एकाच दिवशी प्रचंड रेप मारले की स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. स्नायू दगडासारखे घट्ट झाले आणि लघवी काळसर तपकिरी दिसली तर घरी बसून राहायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

पाठीवर वजन घेऊन चालण्याचा भाग असेल तर त्याला वेगळा मान द्या. सुरुवात हलक्या वजनाने, आठवडा-दहा दिवसांतून एकदाच. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वजन किंवा अंतर. वजन घेऊन पळण्याचा मोह सरावात तरी टाळा.

आता शरीर काय सांगतंय ते कसं ओळखायचं. सकाळी डोळे उघडल्यावर, उठून बसायच्याही आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. शेजारी तीन गोष्टी, झोप कशी झाली, पाय कसे आहेत, आज पळावंसं वाटतंय का. दोन-तीन आठवड्यांत तुमची स्वतःची सरासरी कळते. एखाद्या दिवशी नाडी वाढली तर काही बिघडत नाही, रात्री उशिरा झोपलात तरी वाढते. पण सलग दोन-तीन दिवस नाडी सात-आठ ठोक्यांनी वर, झोप तुटक आणि बूट घालायचाही कंटाळा, असं तिन्ही जुळून आलं तर त्या दिवशीचं जोराचं काम रद्द. एकट्या नाडीवर निर्णय घेऊ नका. कित्येकदा मन आधी कळवतं. उगाच चिडचिड, जेवणावरची वासना जाणं, सरावाची आवड असलेल्याला सरावाचा तिटकारा येणं. हे घरातल्यांना आपल्या आधी दिसतं, त्यांना विचारा.

नडगीची तपासणीही शिकून घ्या. बसून पाय सैल सोडा आणि अंगठ्याने नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत दाबत चला. दुखणं लांबवर पसरलेलं, पळायला लागल्यावर कमी होणारं असेल तर ते बहुधा हाडाभोवतालच्या भागाचं असतं. पळणं अर्ध्यावर आणा, सुधारतंय का बघा. पण नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकताच कळ उठत असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. गोळीने कळ दबते, चीर तशीच वाढत जाते.

खाणं-झोप हा सरावाचाच भाग आहे, पण वजन उतरवायच्या नादात खाणं तोडणारे खूप. सराव वाढवायचा आणि ताट कमी करायचं, हे दोन्ही एकाच वेळी केलं की हाडांची दुरुस्ती मंदावते. मुलींनी एक खूण कधीच दुर्लक्षित करू नये. सराव वाढल्यावर पाळी बंद झाली तर ते फिटनेसचं लक्षण नव्हे, खाणं कमी पडत असल्याची शक्यता आहे आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायला हवं. झोप सात ते नऊ तास. पहाटे चारला उठायचं तर रात्री आठ-नऊला दिवा बंद व्हायला हवा, नाहीतर सहाला उठून पळा. पहाटेच्या अंधारात पळण्याला जादा गुण नसतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काहीच कमावता येत नाही, गमावता मात्र येतं. एकूण अंतर आणि सेट साधारण निम्म्यावर आणा. वेग कमी करू नका. थोडंच पळायचं, पण चाचणीच्या वेगाने. या दिवसांत पाय जड वाटतात, आपण ढिले पडलोय अशी शंका येते आणि मुलं घाबरून आदल्या दिवशी पूर्ण चाचणी देऊन बघतात. तेवढं करू नका. नवे बूटही याच काळात काढू नका.

आणि तारीख जवळ असताना हाड दुखायला लागलं तर लपवू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत चीर साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच मैदानावर परत यायचं नाही. जांघेत खोलवर, वजन टाकताच दुखत असेल तर प्रकरण आणखी गंभीर. खुब्याजवळच्या मांडीच्या हाडाची चीर सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तिथे एक दिवसही वाट बघू नका, त्या पायावर भार न देता डॉक्टर गाठा. जाताना सरावाची वही बरोबर न्या आणि चाचणीची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. पुढची फेरी कधी आहे, तारीख पुढे ढकलता येते का, हेही त्याच दिवशी चौकशी करून ठेवा.