कलेसाठी पैसा कसा उभा करावा: ठाणे आणि नवी मुंबईतल्या कलावंतांसाठी, मंडळांसाठी

नौपाड्यातला नाटकाचा गट असो, ऐरोलीतलं महिलांचं भजनी मंडळ असो किंवा एकट्याने चित्रं काढणारा कळव्याचा मुलगा असो, पैशांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या कुठली स्कीम चालू आहे?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर यायला हवा. त्याआधी अर्जावर नाव कुणाचं जाणार ते ठरवायचं. बहुतेक अर्ज कला कमी पडली म्हणून अडत नाहीत. चुकीच्या माणसाने चुकीच्या ठिकाणी केले म्हणून अडतात.

पायरी 1: मागणारं कोण?

व्यक्ती म्हणून मागता येतं आणि संस्था म्हणून मागता येतं. "आमचा ग्रुप आहे" या मधल्या अवस्थेला सरकारी फॉर्ममध्ये रकाना नसतो. त्यामुळे चार-पाच मित्रांचं एकच काम असेल तर त्यातल्या एकाने व्यक्ती म्हणून अर्ज करावा आणि बाकीच्यांचं काम अंदाजपत्रकात दाखवावं. त्यासाठी संस्था काढायची घाई नको. दरवर्षी हिशेब लिहायला तयार असलेला एक तरी माणूस मिळेपर्यंत नोंदणी केलेली संस्था डोक्याला ताप होते.

तो माणूस मिळाला असेल तर पुढचं सोपं आहे. किमान सात सभासद, घटना आणि नियमावली घेऊन संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली अर्ज करायचा. महाराष्ट्रात त्याच संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. न्यास म्हणून मिळणारा 'एफ' ने सुरू होणारा क्रमांक पुढे प्रत्येक अर्जात लागतो. घटनेतल्या उद्दिष्टांमध्ये 'सांस्कृतिक कार्यक्रम करणे' एवढंच लिहून थांबू नका. प्रशिक्षण, संशोधन, दस्तऐवजीकरण, प्रकाशन हे शब्द आत्ताच घाला, कारण उद्या कार्यशाळेसाठी अनुदान मागताना समोरचा तुमची घटना उघडून हेच शोधणार आहे.

इथे आपल्याकडची एक खास गोम. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलं म्हणजे ठाणे जिल्हा, असं नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत. खारघरच्या मंडळाचं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे. जिल्हानिहाय योजनेचा फॉर्म भरण्याआधी हे बघून घ्या.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाचा पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं (अध्यक्षांचं नव्हे), आयकर खात्याची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी, आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक. कार्यकारी मंडळ बदललं की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करायचा. हे राहून गेलेलं असलं की कागदावर अध्यक्ष एक आणि अर्जावर सही दुसऱ्याची, असा घोळ होतो आणि नेमका मुदतीच्या आदल्या दिवशी लक्षात येतो.

सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या, पण नोंदणी नसलेल्या मंडळांनी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खालची धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. ती त्या उत्सवापुरती असते. तिच्या जोरावर वर्षभराचा उपक्रम चालवता येत नाही.

पायरी 2: दार निवडा

एकट्या कलावंतासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना वयानुसार वाटलेल्या आहेत. 18 ते 25 वयाच्या, गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेल्यांना शिष्यवृत्ती: दरमहा 5 हजार, दोन वर्षं. 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ फेलोशिप दरमहा 10 हजारांची आणि 40 च्या पुढे वरिष्ठ फेलोशिप दरमहा 20 हजारांची, दोन्ही दोन वर्षांच्या. पैसे सहामाही हप्त्यांत येतात आणि प्रगतीचा अहवाल दिल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. नोकरी सोडून या पैशांवर संसार चालणार नाही, हे आधीच समजून असावं. पण एका विषयावर दोन वर्षं नेटाने काम करायला हा चांगला टेकू आहे. हे काम दिल्लीचं सीसीआरटी बघतं, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र. शाळकरी मुलांसाठी, 10 ते 14 वयोगटात, याच केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे.

संस्थांसाठी त्याच मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मिती अनुदानाची योजना आहे. महोत्सव, चर्चासत्र, कार्यशाळा, प्रदर्शन, नवी निर्मिती यांना साधारण 5 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मात्र संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि खर्चातला काही वाटा तिने स्वतः उचलावा लागतो. मंजूर रकमेतले 75 टक्के आधी, उरलेले 25 टक्के हिशेब दिल्यावर. मधल्या काळात मंडपवाल्याला आणि ध्वनिवाल्याला कोण देणार, ते अर्ज करतानाच ठरवून ठेवा. गुरू-शिष्य परंपरेने शिकवणाऱ्या संस्थांसाठी वेगळं अनुदान आहे, त्यात गुरूला दरमहा 15 हजार मिळतात.

शिवाय उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, अशा दोन्हींत महाराष्ट्र आहे. त्यांच्याकडे लोककला पथकं कार्यक्रमांसाठी बोलावली जातात. ठाण्यातली पथकं नागपूरकडे सहसा वळत नाहीत. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

राज्याकडे वळलं तर सांस्कृतिक कार्य संचालनालय हे मुख्य दार. हौशी मराठी नाट्य स्पर्धेला मी अनुदानाइतकंच महत्त्व देते. ठाणे केंद्रावर प्रयोग होतो, परीक्षक बघतात, आणि गटाच्या खात्यावर एक अधिकृत नोंद जमा होते. पुढे कुठेही अर्ज करताना ती कामाला येते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून प्रयोगाला मान्यता देणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र आणि लेखकाचं परवानगीपत्र लागतं. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून संहिता पावसाळ्याच्या आधी ठरवा. कीर्तन, शाहिरी, तमाशा, दशावतार यांच्या प्रशिक्षण शिबिरांच्या जाहिरातीही याच कार्यालयाकडून निघतात. 2025 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर सरकारने राज्यातल्या 1,800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजारांचं भांडवली अनुदान जाहीर केलं, वाद्यं घेण्यासाठी. अशा संधी अचानक येतात आणि मुदत आठ-पंधरा दिवसांची असते. तेव्हा संस्थेचे कागद शोधायला बसलात तर संपलं.

पहिलं पुस्तक काढणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, हलाखीत असलेल्या साहित्यिक-कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, दरमहा 5 हजारांची. आपल्या मंडळात असे कुणी आजोबा-आजी असतील तर त्यांचे जुने कार्यक्रमपत्र, वृत्तपत्रांची कात्रणं, सन्मानपत्रं गोळा करून द्यायचं काम तरुणांनी करावं. ज्यांनी उभं आयुष्य ढोलकी वाजवली त्यांच्याकडे फाइल नसते.

मूर्तिकार, कुंभार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे यांनी वेगळा रस्ता धरावा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. गणपतीचे कारखाने चालवणाऱ्यांनी हे बघितलंच पाहिजे. शहापूर-मुरबाडकडच्या वारली चित्रकारांनी हस्तकला विकास आयुक्तांकडचं कारागीर ओळखपत्र काढावं. बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या ठिकाणी गाळा मागताना आपण कारागीर आहोत हे तेच सिद्ध करतं.

खासगी संस्थांमध्ये बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स माझ्या मते आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात सोयीचं, कारण तिथे प्रस्ताव मराठीत लिहिता येतो. कलाविषयक संशोधन आणि प्रयोगशील कलाकृती अशा दोन्ही गोष्टींना ते पैसे देतात. परदेशी संस्थेचा पैसा मात्र परकीय अंशदान कायद्याखालच्या परवानगीशिवाय संस्थेच्या खात्यात घेऊ नका, रक्कम कितीही लहान असो.

पायरी 3: काम चार ओळींत सांगा

माणूस आणि ठिकाण बरोबर असलं तरी बऱ्याच जणांचा अर्ज इथे कोसळतो. समजा, तुम्हाला आगरी लग्नातले धवळे, म्हणजे धवलारणी बायका गातात ती लग्नविधींची गाणी, जपायचे आहेत. प्रस्तावात लोक लिहितात: 'आगरी-कोळी संस्कृतीचे जतन व संवर्धन करणे, नव्या पिढीपर्यंत समृद्ध वारसा पोहोचवणे.' वाचणाऱ्याच्या टेबलावर अशीच वाक्यं असलेले ढीगभर अर्ज पडलेले असतात.

त्याऐवजी असं लिहून बघा: 'घणसोली, दिवाळे आणि करावे या गावांतल्या 12 धवलारणींकडून हळदीपासून वरातीपर्यंतचे धवळे आठ महिन्यांत ध्वनिमुद्रित करणार. प्रत्येक धवळ्याचे शब्द गाणाऱ्या बाईंसमोर बसून लिहून काढणार. तिन्ही गावांत एकेक संध्याकाळ ते परत ऐकवणार आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवणार.' कुठे, कोण, किती, कधी, शेवटी हातात काय राहणार, सगळं त्यात आलं. यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाच्या अर्जात चिकटवता येणार नाही. हीच कसोटी लावा: तुमचा परिच्छेद पुण्यातल्या एखाद्या गटाने नाव बदलून वापरला तर चालेल का? चालत असेल तर तो परत लिहा.

आणखी एक. धवलारणींची लेखी संमती घ्या आणि ध्वनिमुद्रण कुठे वापरणार ते त्यांना आधी सांगा. प्रस्तावात याची एक ओळ असली की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस गावात जाऊन आला आहे.

पायरी 4: अंदाजपत्रक

त्याच कामाचं, आकडे फक्त नमुन्यादाखल: 12 धवलारणींना प्रत्येकी 3 हजार मानधन, म्हणजे 36 हजार. ध्वनिमुद्रण करणारा यंत्रांसह सहा दिवस, रोज 6 हजार, पुन्हा 36 हजार. प्रवास आणि चहापाणी 15 हजार. शब्दांकन 30 हजार. ऐकवण्याच्या तीन संध्याकाळी, 10 हजारांप्रमाणे 30 हजार. हिशेब तपासनीस 8 हजार. समन्वय करणाऱ्याचं आठ महिन्यांचं मानधन 64 हजार. एकूण 2 लाख 19 हजार.

शेवटची रक्कम लोक लाजून गाळतात. गाळू नका, नियमांत बसत असेल तर लिहा. आणि गाणाऱ्या बायांना 'सन्मानचिन्ह व शाल' देऊन ध्वनियंत्रवाल्याला रोख देणारं अंदाजपत्रक मला तरी बघवत नाही. 'किरकोळ खर्च 50 हजार' अशी ओळ कुठेही नको. जमेल तिथे लेखी दरपत्रक जोडा.

सोबत कामाचे नमुने. दोन मिनिटांची स्वच्छ ध्वनिफीत दहा सन्मानपत्रांना भारी पडते. नाटकवाल्यांनी पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फोडतानाचे फोटो काढून टाकावेत आणि प्रयोगाचे ठेवावेत.

पायरी 5: कंपन्यांकडे जाताना

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा जवळ असल्यामुळे इथल्या प्रत्येक मंडळाला वाटतं, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा पैसा, मिळेल. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. परिशिष्ट 7 मध्ये कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि हस्तकला आहेत, आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. इथवर सगळं छान.

पण तो पैसा घेणाऱ्या संस्थेला 12ए, 80जी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि एका संध्याकाळचा कार्यक्रम, ज्याच्या कमानीवर कंपनीचं नाव झळकणार, तो सीएसआरमध्ये बसत नाही. ते प्रायोजकत्व. ते कंपनीच्या जाहिरात विभागाकडे मागायचं, तिथे तुमची गर्दी किती हा प्रश्न असतो. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना वर्षभर ढोलकी शिकवायची असेल तर सीएसआर विभागाकडे जायचं, तिथे किती मुलं आणि काय फरक पडला हे विचारतात. एकच पत्र दोन्ही विभागांना पाठवलं की दोन्हीकडून नकार येतो.

नवं मंडळ असेल तर आधी सोसायट्यांमधून, दुकानदारांकडून लहान देणग्या उभ्या करा. 80जी असेल तर जुनी करपद्धत निवडलेल्या देणगीदाराला करसवलत मिळते, मात्र रोख 2 हजारांच्या वर दिलेल्या रकमेला ती लागू होत नाही. म्हणून चेक किंवा यूपीआय, आणि प्रत्येकाला पावती.

मंजूर करून देतो म्हणत टक्केवारी मागणारी माणसं या वाटेवर भेटतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

पैसे आल्यावर

मंजुरीपत्र नीट वाचा. कोणता खर्च कधीपर्यंत करायचा ते त्यात असतं. त्या अनुदानाची वेगळी वही ठेवा. बिलं संस्थेच्या नावावरच घ्या. सभासदाच्या नावावरचं बिल हिशेब तपासनीस बाजूला काढतो. काम संपल्यावर हिशेब तपासनिसाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच वापरले याचा दाखला), अहवाल आणि फोटो पाठवायचे. उरलेली रक्कम परत करायची असेल तर ती लगेच करावी. जुन्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र थकलेलं असेल तर नवा अर्ज विचारात घेतला जात नाही. त्यामुळे वर्षाअखेरीला, मार्चच्या धांदलीत हिशेब तपासनिसाकडे रांग लागायच्या आधी, जानेवारीतच त्याची वेळ घेऊन ठेवा.