खुराडं बांधताय? आधी पागोळ्या कुठे पडतात ते बघा

रोहिणी लागल्या. मृगाला जेमतेम दोन आठवडे उरले, आणि परसात वीसेक कोंबड्या पाळायचं ठरवलेल्या घरांत घाई चालली आहे ती पिल्लं आणायची. पिल्लं थांबतील. खुराड्याचं जोतं आणि छप्पर आधी पुरं करा. कोकणात मुंगसाने नेलेल्या कोंबड्या मी पाहिल्यात, पण त्यांच्या कितीतरी पट ओल्या गादीने, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसाच्या थराने, मेलेल्या पाहिल्यात.

गेल्या आर्द्रात वाडीतल्या एका काकूंनी बोलावलं. महिन्याची पिल्लं पंख सोडून कोपऱ्यात पेंगत होती, विष्ठेत रक्त. गादीत खुरपं घातलं तर तूस मोकळं निघेना, भाकरीएवढे पोपडे सुटले, आणि खालून असा वास आला की डोळ्यांतून पाणी. खुराडं चारही बाजूंनी निळ्या प्लास्टिकने गच्च आवळलेलं. ‘एक थेंब आत येऊ दिला नाही रे,’ काकू म्हणाल्या. खरंच होतं ते. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. वीस कोंबड्यांचं झालं चार-पाच लिटर, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून, श्वासातून त्याच खुराड्यात उतरतं. वारा खेळता असेल तर उडून जातं. प्लास्टिक आवळलं की गादीत मुरतं.

रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडल्यापडल्या लागण करत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, मग पिल्लू चोच मारतं आणि आजारी पडतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातली पिल्लं सगळ्यात आधी जातात. म्हणून गादी कोरडी ठेवणं हेच पहिलं औषध.

आता बांधकाम. गादीवर कोंबडीमागे २ चौरस फूट धरा, म्हणजे २० कोंबड्यांना ८ बाय ५ फूट पुरे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. उन्हाळ्यात ऊन आत घुसत नाही, आणि आपल्याकडे झड येते ती बहुतेक पश्चिमेकडून, तिला अरुंद बाजू सामोरी जाते. ती पश्चिमेची भिंत चिऱ्याची, पूर्ण उंचीची करा. दोन्ही लांब बाजूंना फूटभर चिरा आणि वर जाळी.

जोतं अंगणापेक्षा दीड फूट वर. मातीची सारवलेली जमीन पावसात खालून ओल ओढते, तेव्हा कोबा करा आणि दाराकडे थोडा उतार द्या. छपराची वळचण भिंतीबाहेर तीन फूट हवी. इथेच सगळे पत्रा वाचवतात. फूटभर वळचण ठेवली की पागोळ्या जोत्याला लागून पडतात, शिंतोडे जाळीतून गादीवर, आणि मग त्यावर उपाय म्हणून ते प्लास्टिक येतं! पागोळ्या जिथे पडतील तिथे चर खणून पाणी लांब काढा.

पडदा लावायचाच तर पोत्याचा किंवा ताडपत्रीचा, खालून ठोकलेला आणि दोरीने वर ओढायचा. वरची फूटभर फट कायम उघडी. दमट गरम हवा वरूनच बाहेर पडते. लोक नेमका उलटा, वरून खाली सोडायचा लावतात.

उंची माणूस सरळ उभा राहील एवढी असावी. हा माझा अनुभव, पुस्तकातला नियम नव्हे: वाकून शिरावं लागलं की गादी हलवायचा कंटाळा येतो.

बाकीचं थोडक्यात:
– जाळी: अर्ध्या इंचाची वेल्डमेश. षटकोनी कोंबडीजाळी कुत्रा फाडतो.
– बसायला दांडे: कोंबडीमागे ८ इंच.
– अंड्यांची खोकी: ५ कोंबड्यांना एक, फूटभर लांब-रुंद-उंच.
– लस: लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची) ५ ते ७ व्या दिवशी, गंबोरो रोगाची १४ व्या, लासोटा पुन्हा २८ व्या, देवी सहाव्या आठवड्यात, मानमोडीची आर-टू-बी आठव्या आठवड्यात. कुपी बहुधा १०० मात्रांची असते, शेजाऱ्यांनी मिळून आणा.

तूस आत्ताच भरून ठेवा. तीन इंच थराला चार पोती लागतील, पावसासाठी आणखी चार माळ्यावर. जुलैत भातगिरणीवर कोरडं तूस मिळणार नाही. भुईमुगाची टरफलं चालतात, पण बुरशीचा वास असेल तर घेऊ नका. पाण्याचं भांडं विटेवर, काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. ओल्या गादीची सुरुवात बहुतेक वेळा या भांड्याखालीच होते. रोज सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की गादी खालवर करा, पोपडे उचलून खतात टाका. मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हळूच विस्कटला तर ठीक. चुना भुरभुरायचा तो कोंबड्या बाहेर असतानाच, कारण चुन्याने आधी वास जोरात उठतो.

दुकानदार या दिवसांत लिव्हर टॉनिक, प्रतिकारशक्तीचं द्रावण, वास शोषणारी पावडर गळ्यात मारतो. त्या पैशात वळचणीचा पत्रा येतो. रक्ती हगवण दिसलीच तर डॉक्टरांना विष्ठा दाखवा. एरवी सांगतात ती मात्रा अँप्रोलियमच्या २० टक्के पावडरीची: २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे ५ लिटरला ६ ग्रॅम, ५ ते ७ दिवस. दुसरं पाणी देऊ नका. आणि त्याच वेळी बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक तर मुळीच नको, त्याने या औषधाचा जोर कमी होतो. काकूंच्या पिल्लांना दुकानातून दोन्ही बाटल्या एकदमच दिल्या होत्या.

पहिला मोठा पाऊस झाला की रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात शिरा, उकिडवे बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर पाऊस चालू असला तरी पडदा हातभर खाली घ्या.